आज्जीच्या देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं, माणसाच्या गालावर डोंगर छापलाय, हे नक्की काय आहे?

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी आज्जी ८६ वर्षांची, पंचवटीत जुन्या वाड्यात राहते. तिच्या देव्हाऱ्यात टाकांच्या डबीत एक बारकंसं चांदीचं नाणं आहे, दर लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतं, हळदकुंकू लागतं आणि परत डबीत. लहानपणापासून बघतेय पण कधी नीट निरखलं नव्हतं. परवा देव घासायला बसले तेव्हा हातात घेऊन बघितलं तर शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, कडा वाकडीतिकडी, एका बाजूला उजवीकडे बघणारा माणूस आहे म्हणजे नाक आणि एक डोळा तरी नक्की दिसतो, पण त्याच्या गालावरच कोणीतरी तीन कमानींचा ढीग छापलाय, लहान मुलं डोंगर काढतात ना तसा, खाली नागमोडी रेघ. दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेसारखं काहीतरी आणि चार टोकांना चार गोळे, आणि त्याच्या मागे अजून काहीतरी अर्धवट पुसलेलं.

आज्जीचं माहेर सायखेड्याकडचं. आमचे धाकटे दीर लगेच म्हणाले वहिनी हे जोगलटेंभीचं नाणं, कोटीत जाईल. नवरा म्हणतो जत्रेतलं असेल. मला विकायचं वगैरे काही नाहीये (आज्जी मारेल), पण दिरांनी ज्या आत्मविश्वासाने "यावरून इतिहास कळतो" म्हणून भाषण ठोकलं तेव्हापासून डोक्यात घोळतंय की एवढ्याशा चकतीवरून नक्की कळतं काय आणि कसं? राजाचं नाव कळेल फार तर. बाकीचं लोक मनानेच जोडतात का?

प्राकृत_आणि_मिसळ

ताई फोटो टाका आधी! पण वर्णनावरून दीर अगदीच हवेत बोलत नाहीयेत (कोटीचं सोडून. ते विसरा).

१९०६ साली जोगलटेंभीला, म्हणजे गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ, चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,२५० च्या वर नाणी. सगळी मुळात एकाच राजाची, क्षहरात वंशातला क्षत्रप (म्हणजे शक राज्यकर्ता) नहपान. पण त्यातल्या साधारण ९,२७० नाण्यांवर दुसऱ्याच राजाने आपला ठप्पा मारलेला, सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी. तुमचा तीन कमानींचा डोंगर आणि नागमोडी रेघ हा त्याचा ठप्पा, आणि मागचं अधिक-आणि-गोळे म्हणजे ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते. त्याच्यामागे जे पुसट दिसतंय ते बहुतेक नहपानाचा बाण आणि वज्र असणार.

आता तुमचा खरा प्रश्न. बघा, नाणं वितळवून नवीन पाडलं असतं तर आज आपल्या हातात फक्त सातकर्णीचं नाणं आलं असतं आणि आपण म्हटलं असतं बरं, हा एक राजा होता. पण त्याने वितळवलं नाही, घाई असेल किंवा खर्च वाचवला असेल, जुन्या चांदीवरच हातोडा घातला. आणि जुना ठप्पा पूर्ण मोडला नाही. त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हे त्या एका चकतीवर वर-खाली लिहून ठेवलंय, आणि त्यात वाद घालायला जागाच नाही, खालचा ठप्पा वरच्याच्या नंतर कसा येईल? पुराणांच्या राजयादीत नावांचा क्रम पुराणागणिक बदलतो, कुठे ३० राजे तर कुठे १९, नाणं असं बदलत नाही.

पण ताई एकट्या नाण्यावर कोणी थांबत नाही, आणि इथे नाशिककरांची चैन आहे. पांडवलेणीला गेला असालच, लहानपणी सहलीला तरी. तिथे १० नंबरचं लेणं नहपानाच्या जावयाने, उषवदाताने (ऋषभदत्त) दिलेलं, त्याचे लेख आहेत ४१, ४२, ४५ या वर्षांचे. आणि ३ नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचा १८ व्या वर्षाचा लेख, विजयी छावणीतून गोवर्धनच्या (इथलाच नाशिकजवळचा भाग) अमात्याला म्हणजे अधिकाऱ्याला पाठवलेला हुकूम, की आजवर उसभदाताने (हाच तो उषवदात) भोगलेलं अमुक शेत, २०० निवर्तनं (जमिनीचं माप), आता या भिक्षूंना द्या. म्हणजे जावयाची जमीन वाटायला काढली. त्याच लेण्यात पुढे त्याची आई गौतमी बलश्री, नातवाच्या म्हणजे पुळुमावीच्या १९ व्या वर्षी लिहिते की माझ्या मुलाने खखरात (म्हणजे क्षहरात, नहपानाचा) वंश निरवशेष केला. आईने मुलाचं कौतुक केलंय, त्यात थोडं तिखटमीठ असेल की नाही? असू शकतं. पण मग २०-२५ किलोमीटरवर जमिनीतून हजारो नाणी निघतात आणि त्यावर नहपानाच्या तोंडावर सातकर्णीचा डोंगर बसलेला असतो, तेव्हा आईचं म्हणणं निव्वळ कौतुक राहत नाही.

तांबट_आळी

वरचे सर इतिहास सांगतील, मी धंद्याचं बोलतो. मी जुनी नाणी गोळा करतो २२ वर्ष, आणि पहिल्या तीन वर्षात मला जेवढं फसवलं तेवढं बायकोला माहित नाही.

१) घासू नका. परत सांगतो घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, कोलगेट काही नाही. २) सराफाकडे नुसतं वजन करून घ्या, या जातीचं खरं नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतं. कसोटीवर घासू देऊ नका त्याला, ते लोक सवयीने घासतात. ३) कड बघा. ओतीव नकलेला कडेला बारीक शिवण असते सांध्याची, आणि पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. ठोकून पाडलेल्या नाण्याची कड अशी फाटल्यासारखी, पसरलेली असते, चपाती लाटताना कडेला चिरते ना तशी.

आणि महत्त्वाचं, या डबल ठप्प्याच्या नाण्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. मी स्वतः एक घेतलं होतं, एका जत्रेत एकाने धोतराच्या गाठीतून काढून दिलं, म्हणे नांगराला लागलं. घरी आणून भिंगाखाली बघितलं तर डोंगर आणि चेहरा दोन्ही सारखेच मऊ, लोण्यासारखे. खऱ्यात असं होत नाही. वरचा ठप्पा बसतो तिथे खालचा चेंगरतो, चपटा होतो, आणि ठप्प्याच्या बाहेर जे उरतं ते तसंच खणखणीत राहतं. दोन वेळेला मार खाल्लेलं नाणं दोन वेळेला मार खाल्ल्यासारखंच दिसतं. ती नक्कल अजून ठेवलीये, पोरांना दाखवायला.

उगाच_शंका

एक विचारू का, राग मानू नका. हे सगळं ऐकायला भारी वाटतं पण नाणं हे फिरायलाच बनवलेलं असतं ना? आज माझ्या पाकिटात कुठल्याही वर्षाचं नाणं निघतं. मग अमुक ठिकाणी अमुक राजाचं नाणं मिळालं म्हणून तिथे त्याचं राज्य होतं असं कसं म्हणता? रोमन सम्राटांची नाणी दक्षिणेत ढिगाने मिळालीत, म्हणून काय तिथे रोमचा तलाठी बसत होता?

प्राकृत_आणि_मिसळ

@उगाच_शंका राग कसला, हाच प्रश्न पहिल्या दिवशी वर्गात विचारला पाहिजे. बरोबर आहे तुमचं. नाणं मिळालं म्हणजे राज्य होतं, हे बऱ्याच जुन्या लेखनात सर्रास दिसतं आणि ते कच्चंच आहे.

दोन उदाहरणं देतो, दुसरं तर आपल्या अंगणातलं. पेरिप्लस म्हणून ग्रीक भाषेतलं व्यापारी माहितीपत्रक आहे पहिल्या शतकातलं, त्यात लिहिलंय की भडोचच्या बाजारात जुने द्रम्म (चांदीची नाणी) अजून चालतात, ग्रीक अक्षरांचे, अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांचे. मिनँडर जाऊन तोवर दोनशे वर्षं झालेली! म्हणजे त्या काळचा थर कोणी भडोचला खणला आणि मिनँडरचं नाणं बघून "हा थर मिनँडरचा" म्हटलं तर दोनशे वर्षांनी चुकला. नाण्यावरून एवढंच ठामपणे म्हणता येतं की थर त्या नाण्याच्या आधीचा नाही.

दुसरं. कलचुरी कृष्णराज, सहावं शतक, त्याची छोटी चांदीची नाणी, मागे नंदी. आपल्या जिल्ह्यात देवळाण्याला सापडली तेव्हा आधी लोकांनी ती राष्ट्रकूट कृष्णाची म्हणजे आठव्या शतकातली धरली, नाव तेच ना. नंतर लेखाची भाषा, अक्षराचं वळण बघून ती मागे सरकली. आणि हीच नाणी, कृष्णराज रूपक याच नावाने, अंजनेरीच्या भोगशक्तीच्या ताम्रपटात दंडाच्या रकमेत येतात, इसवी सन ७१० च्या सुमारास. राजा मरून दीडशे वर्षं झाली तरी लोक त्याच्याच रुपयाने दंड भरतायत. (योगायोग असा की नाण्यांच्या अभ्यासाची संस्था १९८० पासून आहे ती त्याच अंजनेरीला, त्र्यंबक रोडवर. संग्रहालय आहे, ताई तुम्हाला गंगापूर रोडवरून लांब नाही, एकदा जाऊन या.)

पण जोगलटेंभीचं प्रकरण वेगळं का, तर ते एकटंदुकटं नाणं नाही. साठा आहे. खजिन्यात काय आहे यापेक्षा किती आणि कशाबरोबर आहे हे जास्त बोलतं. तेरा हजारात सुमारे नऊ हजार ठप्पा मारलेली आणि चारेक हजार न मारलेली एकत्र, म्हणजे साठा पुरला तो सत्ताबदलानंतर, पण सगळी जुनी नाणी अजून ठप्प्याखालून गेली नव्हती तेव्हा. म्हणजे ती बदलाच्या मधलीच एक खिडकी आहे. असं एखाद्या पुस्तकात कोणी लिहून ठेवत नाही.

उगाच_शंका

हे पटलं. पण मग साल? नहपान नक्की कधीचा?

प्राकृत_आणि_मिसळ

इथे नाणी गप्प बसतात बघा. लेण्यातली ४१, ४२, ४५ आणि जुन्नरला त्याच्या अमात्याच्या लेखात ४६ ही वर्षं कुठल्या शकाची, यावर शंभर वर्षं भांडण आहे. शककाल धरला, म्हणजे ७८ मिळवले, तर तो ११९ ते १२४ मध्ये येतो. दुसरे म्हणतात ही त्याच्या स्वतःच्या राज्याची वर्षं, मग तो पहिल्या शतकात जातो, आणि पेरिप्लसमध्ये भडोचच्या मागच्या प्रदेशाचा राजा म्हणून जे बिघडलेलं नाव आलंय ते नहपानाचंच असेल तर या बाजूला वजन येतं. मला वैयक्तिक दुसरी बाजू जास्त पटते.

आणि हे बघून चिडचिड होते कारण नंतरच्या क्षत्रपांनी केवढी सोय करून ठेवलीये! चष्टनाच्या घराण्यातली चांदीची नाणी बघा, राजाच्या डोक्यामागे चक्क शकवर्ष आकड्यात, आणि मागच्या बाजूला स्वतःचं नाव, बापाचं नाव, बाप क्षत्रप होता की महाक्षत्रप ते सुद्धा. मुलगा क्षत्रप असतानाच बाप महाक्षत्रप, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली तेही कळतं. नाणी ओळीने मांडली की दोन-अडीचशे वर्षांची वंशावळ तयार, कोणाच्या काव्याची गरज नाही. आधारकार्डच ते. आणि आमचे सातवाहन, आपलेच म्हणून बोलतो, आईचं नाव लिहितात, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, फार छान, पण बाप कोण? वर्ष कुठलं? काही नाही. शिसं, तांबं, पोटीन (एक मिश्रधातू) कशावरही हत्ती छापला आणि मोकळे.

तरी त्यातूनही निघतं. १९३९ मध्ये विदर्भात तऱ्हाळ्याला साठा सापडला, त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं आली जी पुराणाच्या एकाही यादीत नाहीत. म्हणजे राजे होऊन गेले, नाणी पाडली, आणि याद्या करणाऱ्यांना पत्ता नाही. वायव्येचे ग्रीक राजे तर तीसच्या वर धरतात, त्यातले बहुतेक फक्त नाण्यांवर जिवंत आहेत.

निफाडचा_बागवाला

मस्त चाललंय. आमच्याकडं एक प्रॅक्टिकल अडचण विचारतो, मित्राच्या मळ्यात (मित्राच्याच हां) बागेसाठी जमीन सपाट करताना जेसीबीला मडकं लागलं, त्यात हिरवी पडलेली तांब्याची नाणी चिकटून गोळा झालेली. आता दोघं-तिघं वाटून घ्यायच्या गोष्टी करतायत, आणि कोणाला सांगितलं तर जमीन सरकारजमा होईल म्हणून घाबरलेत.

तांबट_आळी

भाऊ तुझ्या मित्राला सांग जमीन जात नाही. १८७८ चा कायदा आहे निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, जमिनीत दहा रुपयांच्या वर काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. त्यातच सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा लिहिलेला आहे, आणि सरकारने ठेवून घेतलं तर मोबदल्याचीही तरतूद आहे. लपवलं तर मात्र हिस्साही जातो आणि शिक्षा वेगळी. आणि परदेशात विकायचं डोक्यात असेल तर ते १९७२ च्या कायद्याने साफ बंद आहे.

आणि तो गोळा फोडू नका म्हणावं!! हातोडी, ॲसिड काही नको. मडक्याचे तुकडे सुद्धा टाकू नका.

प्राकृत_आणि_मिसळ

+१. वाटून घेतलं की संपलं बघा. नाणी तीच राहतील, पण तो साठा राहणार नाही. जोगलटेंभीची नाणी जर अशीच पंधरा घरांत गेली असती आणि एकत्र मोजलीच गेली नसती तर आज "तेरापैकी नऊ हजार" हे वाक्यच नसतं, आणि वर मी जे काही शहाणपण सांगितलं त्यातलं अर्धं गेलं असतं. स्कॉट नावाच्या पाद्र्याने ती बसून तपासली. त्याने अजून एक गोष्ट टिपली, की नाण्यांवर नहपानाचे चेहरे एकसारखे नाहीत, कुठे तरणा, कुठे सुरकुतलेला, नाक सुद्धा वेगळं. आता हा एकाच राजाच्या लांब कारकिर्दीचा परिणाम की ठसे कोरणाऱ्यांचे हात वेगवेगळे, यावर चहाच्या चार फेऱ्या सहज होतात. पण चेहरे शेजारी शेजारी ठेवता आले म्हणून तरी प्रश्न पडला.

कॉलेजरोडवरचा_बाक

मध्येच घुसतो. मला त्या लेण्यातलं व्याजाचं गणित फार आवडतं, एमकॉमवाला आहे म्हणून असेल. उषवदाताने ३००० कार्षापण (त्या काळचं नाणं) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव ठेवली, २००० एका श्रेणीकडे शेकडा दरमहा १ ने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. २००० चं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि लेखात लिहिलंय लेण्यातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस!! पैशाला पैसा जुळतो. दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी आणि ऑडिट क्लिअर. शिवाय त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असं दिलंय, ३५ ला एक. एक्सचेंज रेट दगडावर कोरून ठेवलाय, आमच्या बँकेचा बोर्ड दोन महिने अपडेट होत नाही.

मग माझा प्रश्न, ते भिक्षूंना मिळणारे कार्षापण म्हणजे हीच चेहऱ्याची नाणी का?

प्राकृत_आणि_मिसळ

बऱ्याच जणांचा तसा अंदाज आहे, कारण त्या काळात इथे चांदीचं एवढं दुसरं काही फिरताना दिसत नाही. पण नाण्यावर किंमत लिहिलेली नसते आणि लेखात नाण्याचं चित्र काढलेलं नसतं, त्यामुळे "बहुधा" हा शब्द ठेवूनच बोलायचं. जुनी ठप्प्यांची आहत नाणी, साडेतीन ग्रॅमच्या अलीकडची, तीही कार्षापणच म्हणवतात.

गंगापूररोडवाली

बापरे, मी दोन दिवस लॉगिन केलं नाही तर इथे लेणंच कोरून झालं. सगळ्यांचे आभार.

अपडेट देते. काल सकाळी सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सराफाकडे नेलं, त्यांचा हात कसोटीच्या दगडाकडे गेलाच, मी ओरडलेच जवळजवळ. वजन भरलं २ ग्रॅम १० मिली. कड तांबटदादांनी सांगितली तशी एका बाजूला चिरलेली आहे, शिवण काही दिसली नाही. मग घरी येऊन खिडकीत तिरप्या उन्हात धरलं, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून. डोंगराच्या उजव्या कमानीखाली गाल पूर्ण चपटा झालाय, पण नाक कमानीच्या बाहेर राहिलंय आणि ते अजून टोकदार आहे, हात फिरवला की नखाला लागतं. कडेला तीनचार अक्षरं आहेत ती ब्राह्मी नाहीत, आपल्या ओळखीच्या ए आणि एन सारखी दिसतात. ग्रीक का? की मला वेड लागलंय? फोटो उद्या टाकते, नवऱ्याच्या फोनवर आहेत. नवरा आता जत्रेचं काही बोलत नाही.

प्राकृत_आणि_मिसळ

ग्रीकच! अक्षरं ग्रीक पण भाषा प्राकृत, "रञो क्षहरातस नहपानस" हेच ग्रीक लिपीत, आणि मागे तेच ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. एका बटणावर तीन लिप्या. ताई वेड लागलेलं नाही, फोटो टाका लवकर, आणि अंजनेरीला एकदा तज्ज्ञाच्या नजरेखालून घालाच. ऑनलाईन मत म्हणजे शेवटी ऑनलाईन मत.

गंगापूररोडवाली

नक्की. आज्जीला रात्री विचारलं हे आलं कुठून. म्हणाली तिच्या आईच्या आईने लग्नात ओटीत घातलेलं, पलीकडच्या काठाच्या गावातलं. मी नहपान, सातकर्णी सगळं समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोघांची भांडणं झाली आणि दोघंही एकाच डबीत?" मग म्हटलं आता यापुढे घासायचं नाही. त्यावर मात्र पटेना, दिवाळीला लक्ष्मी काळी ठेवायची का म्हणाली. शेवटी नुसत्या पाण्याने धुवायची आणि हळदकुंकू डबीच्या झाकणाला लावायचं, यावर तडजोड झालीये.